वारा कुठून येत होता

बाबा, आज वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, फ्रेंच कादंबऱ्यांतलं जंगल वाचायला तुम्ही कुठं शिकलात?" मी एका परदेशी विद्यापीठाचं नाव सांगितलं आणि मोकळी झाले. तिनं ते वहीत लिहूनही घेतलं. घरी आले ती थेट हे लिहायलाच बसले. आमच्या या विषयाला पर्यावरणलक्ष्यी समीक्षा म्हणतात. कादंबरीत नाहीतर सिनेमात नदी आली, झाड आलं, तर ते नुसतं मागच्या पडद्यासारखं टांगलंय की त्याचंही काही म्हणणं आहे, एवढंच बघायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढं लंबं नाव? अन् ह्याचा पगार देतेत तुले?" देतात, बाबा. चांगला देतात. पण मी हे कुठं शिकले याचं खरं उत्तर आजवर कुणाला दिलेलं नाही, तुम्हालासुद्धा नाही. ते आज लिहून टाकते.

हिंगणीचं आपलं क्वार्टर आठवतंय. दोन खोल्या, मागं सागवान, आणि तुम्ही नाकेदार, म्हणजे जंगलखात्यातला सगळ्यात खालचा माणूस, पण आम्हाला वाटायचं की धरणाच्या पाण्यापासून पुढचं सगळं तुमचंच आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. उन्हाळ्याआधी तुम्ही मजूर घेऊन जाळरेषा काढायला निघता, म्हणजे जंगलातला पट्टाच्या पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा, म्हणजे वणवा आला तरी तिथं येऊन अडेल. आई पळसाच्या पानांत पानगे भाजून देते आणि ते पोचवायला म्हणून मी तुमच्यामागं येते. त्या दिवशी मला काय अवदसा आठवली कोण जाणे, एका मजुराच्या हातची पेटती काडी घेतली आणि दिली पाचोळ्यात टाकून. तुम्ही धावत आलात, हिरव्या फांदीनं बदडून बदडून ती आग विझवलीत, आणि मग माझा कान असा पिरगाळलात की अजून आठवला तर हात तिथं जातो. "काऊन वं, वारा कुठून हाये पाह्यलं का? माती उडवून पाह्यली का?" मी रडत मातीची चिमूट उडवली. ती माझ्या पाठीकडून पुढं गेली. तुम्ही मला खांद्याला धरून उलटं फिरवलंत. "वारा तोंडावर घ्याचा. धूर आपल्या डोळ्यात आला पायजे. मंग आग वाऱ्याच्या उलटी सरकते, मुंगीवानी. वारा पाठीवर असला तं ते धावते, मंग तुह्या बापालेही आयकत नाई." असं म्हणालात आणि मला पानगा दिलात.

मोहाच्या झाडाची गोष्टही त्याच वर्षीची. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळत, आणि ते थांबवणं ही तुमची नोकरी होती. एका गोंड म्हातारीला तुम्ही त्या कामात पकडलंत. तोंडानं खूप रागावलात. पण मी बघत होते, तिनं आधी झाडाभोवती गोल झाडून काढलं होतं, वारा तोंडावर घेतला होता, हातात ओली फांदी होती, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. तुमचं बोलून झाल्यावर तिच्याशेजारी उकिडवे बसलात आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत उठला नाहीत. परत येताना म्हणालात, "जंगल ते बाई नाई जाळत. ज्याले वारा मालूम नाई, तो जाळते." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. बापाचं बोलणं, कोण लक्षात ठेवतं.

मग मी नागपूरला शिकायला गेले आणि मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेतलं. आई म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाले वळसा, ही पोरगी आता कुठंकुठं जाते पाहा." तुम्ही एवढंच विचारलंत, "त्या भाषेच्या मुलखात जंगल हाये का?" मी म्हटलं, आहे, आफ्रिकेतसुद्धा ती भाषा चालते, तिथं तर केवढं आहे. "मंग शिक," म्हणालात. पुढच्या फेरीला सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुना शब्दकोश घेऊन आलात, पाठ निखळलेला. तुमच्या जुन्या खाकी पँटच्या कापडाचं त्याला आईनं कव्हर शिवलं. होस्टेलमध्ये मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की वडील रेंजर आहेत, म्हणजे तुमच्या साहेबाचं पद तुम्हाला देऊन टाकलं. घ्या, हेही सांगून टाकलं. पण मला सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

सेवाग्रामला एका संस्थेच्या हॉलात सिनेमा दाखवणार होते, आफ्रिकेतला, फ्रेंच भाषेतला. पडद्यावर खाली भाषांतराची अक्षरं नव्हती. म्हणून संवादांचे टंकलेले कागद मला आधी पाठवले होते आणि मी माईकवरून मराठीत सांगायचं ठरलं होतं. एम.ए.ची पोर मी, माझ्यासाठी तो केवढा मान. तुम्ही रजा टाकून आलात, इस्त्रीचा खाकी गणवेश घालून, कारण तेवढाच चांगला कपडा होता. दुपारची वेळ, खिडक्यांना काळी कापडं लावलेली, समोर डॉक्टर होऊ घातलेली पोरं आणि प्राध्यापक मंडळी. तुम्ही सगळ्यात मागं बसलात. सिनेमातला मुलूख अगदी आपल्यासारखा होता, कोरडा, कापसाच्या पऱ्हाटीचा. एक म्हातारा रानात आग लावतो, रान जळतं, मग शहरातून शिकलेला साहेब येतो आणि गावाला झाडं लावायला शिकवतो. म्हातारा आग लावत होता आणि मी त्याचं बोलणं वाचत होते, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. जंगलात हाक मारायचा तो मोठा आवाज.

"हे खोटं हाये! असा कोनी गाववाला आग लावत नाई! वारा त्याच्या पाठीमागून येऊन राह्यला, धूर पाहा ना कुठं चालला!"

हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, "बसा ओ काका." मी काय केलं, बाबा? मी माईकवर, माझ्या सगळ्यात शुद्ध मराठीत म्हटलं, "मागच्या गृहस्थांनी कृपया खाली बसावं." तुम्ही बसलात. लगेच बसलात, साहेबानं सांगितल्यावर बसायचात तसे. खेळ संपल्यावर एका मुलानं विचारलं, कोण होते हो ते? मी कागद गोळा करत म्हटलं, असतील कुणी गावातले.

वर्ध्याच्या एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि रुमालातले फुटाणे पुढं केलेत. मी वाट बघत होते की तुम्ही आता बोलाल, चिडाल, निदान तो कान तरी पिरगाळाल. तुम्ही म्हणालात, "चांगलं वाचलं तू. एकदाही अडखळली नाई." आणि बाहेर बघत बसलात. मला विचारता आलं असतं की आणखी काय काय दिसलं तुम्हाला त्या सिनेमात. उतरेपर्यंत तुम्ही मला अख्खा सिनेमा उलगडून सांगितला असता, कुठलं झाड कसलं, जनावरं का दिसली नाहीत, म्हातारा कुठं चुकला. मी फुटाणे खात राहिले. दोन हिवाळ्यांनंतर तुम्ही गेलात, आणि तो सिनेमा माझ्यासाठी तिथंच अर्धा राहिला.

माझं नाव झालं ते त्याच सिनेमावरच्या निबंधानं. पुढं शिकायला गेले त्या परदेशी विद्यापीठात, मोठ्या नदीकाठच्या शहरात, मी तो वाचला. मी म्हटलं, या दृश्यात वारा म्हाताऱ्याच्या पाठीवर आहे. ज्याचा जन्म रानात गेला तो माणूस अशी आग लावणार नाही, तो धूर स्वतःच्या डोळ्यांत घेईल. पण धूर डोळ्यांत गेला तर कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही. चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून दिग्दर्शकानं वारा फिरवला, आणि त्यापायी एका शहाण्या माणसाला वेडा ठरवलं, म्हणजे शहरातल्या साहेबाला शिकवायला जागा झाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक वयस्क बाई जवळ येऊन म्हणाल्या, आम्ही इतक्या वेळा पाहिला, आमच्या कसं लक्षात आलं नाही? मी म्हटलं, नीट पाहावं लागतं. बाबा, तेव्हा तुमची इतकी आठवण आली की मी हात धुवायच्या खोलीत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन पुन्हा तेच सांगितलं, नीट पाहावं लागतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, म्हणून शेवटचं तेवढं लिहिते. त्या दृश्यात म्हातारा सलग दीड पान बोलतो. ओळ चुकू नये म्हणून मी कागदावर बोट ठेवून वाचत होते, टेबलावरच्या छोट्या दिव्याखाली मान घालून. मान वर केली ती तुम्हाला खाली बसवायला, आणि तीही पडद्याकडे नाही. पुढं त्या सिनेमाची प्रत मला कधी मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही. ती आग मी आजपर्यंत पाहिलेली नाही.