आडवी आलेली माळ

तीर्थरूप आबा, लांबूनच पाया पडते. शाहूपुरीत आमचं सगळं बरं हाय, काळजी करू नका.

पृथ्वीदादा आता उठून बसतोय न्हवं? आई येळंवर जेवती का?

आईच फोनवर बोलली. दादा शुद्धीवर येईना म्हणून तुम्ही तुळशीची माळ उतरवली, देवीला बकरं दिलं, प्रसादाचा घासबी खाल्ला. बापाचा जीव हाय, मला कळतंय की.

पण माझ्या सासरी मटण शिजतं म्हणून लग्नापासनं तुम्ही माझ्या घरचं पाणीबी घेतलं न्हाय. माझं तान्हं बाळ गेलं, तवाबी उंबऱ्याबाहेरनंच माघारी फिरलासा. माळ आडवी आली म्हणालासा.

आता गळा मोकळा हाय. जेवायला कधी येतासा?

तुमचीच लेक,
तेजस्वी