पावतीवरचं आजोबांचं नाव

अण्णा, तुम्ही गेल्याला तेरा वर्षं झाली आणि आपल्या खोलीच्या भाडेपावतीवर गेल्या महिन्यापर्यंत आजोबांचंच नाव होतं. त्या नावावरून माझं एका माणसाशी भांडण झालं, आणि भांडताना मला निम्मा राग तुमचा येत होता.

मी आठवीत आहे. रविवारी सकाळी तुम्ही मला मालकाच्या पेढीवर घेऊन जाता. मुनीम पावती फाडतो आणि म्हणतो, "म्हातारा जाऊन किती वर्षं झाली? नाव बदलून घे की आता." तुम्ही नुसते हसता. परत येताना मी विचारते, का नाही बदलत? तुम्ही म्हणता, "त्यानं मिलमधी घाम गाळून या खोलीसाठी मालकाला पागडी भरली. बापाचं नाव आपल्या हातानं खोडायचं?" मी म्हणते, पण कागदावर आपलं नाव नको का? तुम्ही भारतमाता टॉकिजपाशी थांबता आणि लोकांदेखत म्हणता, "चार बुकं शिकलीस म्हणून मला कायदा शिकवू नको." मी तुमच्या मागून चालू लागले. पण तुम्ही एकटे नव्हतात. आपल्या मजल्यावर निम्म्या पावत्या मेलेल्या माणसांच्या नावावर होत्या. पितृपक्षात पान वाढावं तसं आपण दर महिन्याला त्यांच्या नावानं भाडं भरत होतो, आणि सगळ्यांना त्यात मान वाटत होता.

मी बी.कॉम. झाले, अण्णा. आता दादरला एका कर सल्लागाराकडे काम करते. गुंतवणूक म्हणून जागा घेणारे लोक येतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. भाड्यावर कर किती? मी सांगते, भाड्यातून पालिकेचा कर वजा करा, उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते. हे सांगताना मला दर वेळी आपल्या जिन्याची तुटलेली पायरी आठवते. पागडीच्या खोलीवर कर्ज मिळेल का? सहसा नाही, कारण भाडेकरूकडे ताबा असतो, मालकी नसते. तर मध्यंतरी एकानं विचारलं, "जुनी चाळ स्वस्तात मिळतेय. भाडेकरू निम्मे वारलेत, पावत्या अजून त्यांच्याच नावावर. घरच्यांना काढता येईल ना?" माझा पेन थांबला. मी म्हटलं, "नाही. भाडेकरू वारला तेव्हा जो घरचा माणूस त्याच्यासोबत राहत होता, त्याच्याकडे हक्क जातो. पावतीवर नाव नसलं तरी. सोबत राहत होतो हे मात्र त्याला दाखवून द्यावं लागतं." तो गेल्यावर सर म्हणाले, "तू कुणाच्या बाजूनं आहेस? फी त्यानं दिलीय."

"त्यांनी कायदा विचारला, सर. मी कायदा सांगितला."

"थोडा हळू सांगायचा असतो, बाळा."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तुमची पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, विजेची बिलं, आजोबांचा आणि तुमचा मृत्यूचा दाखला, माझा शाळेचा दाखला, सगळं क्रमानं लावलं. बरं झालं लावलं, कारण पंधरा दिवसांत आपलीही चाळ विकली गेली आणि नव्या मालकाचा माणूस दारात उभा राहिला. पावतीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हा माणूस कुठंय?"

"वारले. माझे आजोबा."

"मग तुम्ही कोण?"

मी त्याला आत बसवलं आणि एकेक कागद त्याच्यासमोर मांडत गेले. तिसऱ्या कागदाला त्याचा आवाज मऊ झाला. कल्याणच्या पुढे वन बीएचके देतो म्हणाला, तुमच्या मालकीचा, इथं काय ठेवलंय? मी म्हटलं, "इथं काय आहे ते तुमच्या मालकाला माहीत आहे, म्हणून तर तुम्ही तीन जिने चढून आलात. आणि भाडेहक्क सोडला की त्या मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर बसतो. तो कोण भरणार?" तो हसून उठला. "वकिलांच्या घरात आलो वाटतं." मी म्हटलं, "भाडेकरूच्या."

दुसऱ्या दिवशी नाव बदलायचा अर्ज लिहिला. त्याला जोडलेल्या पावतीच्या प्रतीवर आजोबांच्या नावावर मी रेघ मारली, अण्णा. माझ्या हातानं. वर आईचं नाव लिहिलं, खाली माझं. शेजारचे काका म्हणाले, "तू उद्या सासरी जाशील, तुझं कशाला लावतेस?" मी म्हटलं, "काका, मी जाईन तेव्हा जाईन. तुमच्या पावतीवर तर तुमचे वडील अजून राहतायत." ते चिडून आत गेले आणि अर्ध्या तासानं आपल्या पावत्या घेऊन बाहेर आले. मग आणखी चौघं आले. तुम्ही ज्याला मान म्हणत होतात, त्या मानापायी ही सगळी माणसं आपापल्या खोल्या घालवून बसली असती. मला तुम्ही लोकांदेखत गप्प केलंत, म्हणून हे स्पष्टच लिहिते. मी कायदा शिकले आणि मी बरोबर होते.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकते. तो माणूस बोलत होता तेव्हा आई मागे वाल सोलत बसली होती. तो गेल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "गो, तो सांगत होता त्या घरात संडास आतच असता ना?" तिचे गुडघे आता साफ गेलेत. गॅलरीच्या टोकाला जाताना कठडा धरून तीनदा थांबते. मी "असेल" म्हटलं आणि कागद गोळा करत राहिले. दुसऱ्या दिवशी अर्जावर सही कुठं करायची ते दाखवलं, तिनं केली. तिला काय हवंय, ते मी अजून विचारलेलं नाही.