भूक लागायच्या आत

१ ऑक्टोबर २००६
सुश्रुत खरड गावातल्या कॉलेजच्या हॉस्टेलवर जाऊन अडीच महिने झाले. माझी अजिबात चिडचिड नाही. कॉलेज घरापासून तासाभरावर, तरी हॉस्टेल. इकडे उत्तरेत वाढलेला, त्यामुळे आज फोनवर हिंदीतच म्हणाला, "आई, आप खिलाती बहुत हो यार." आईला यार!

मासिकात लेख वाचला. ब्रॉयलरच्या पिल्लाला अंड्यातच, बाहेर यायच्या तीन दिवस आधी, सुईने अन्न द्यायचं. पिल्लू धट्टंकट्टं निघतं. भूक लागायच्या आत भरवावं, हे मी एकोणीस वर्षं सांगतेय.

२ ऑक्टोबर
हॅचरीतून डझनभर अंडी आणि छोटं इन्क्युबेटर आणलं. सुश्रुतच्या खोलीत ठेवलं. खोली रिकामी आहे, दुसरं कारण नाही. त्याच्याशी पैज: अन्न दिलेली सहा पिल्लं न दिलेल्या सहांपेक्षा सरस निघाली, तर हॉस्टेल सोडून घरी यायचं. "पक्का, आई." हसत होता. हसू दे. बी.एस्सी. झूऑलॉजी, फर्स्ट क्लास आहे मी.

९ ऑक्टोबर
कशात लक्ष लागत नाही. आजपासून मशीन दिवसातून तीनदाच उघडायचं.
दुपारपर्यंत आठदा. ओलावा बघायला.

१५ ऑक्टोबर
अठराव्या दिवशी टोचा म्हणे. तोवर उपाशी? आजच टोचलं. लेखातलं साखरपाणी अगदीच पुळकवणी, म्हणून बदामाचं दूध घातलं. हे म्हणाले, "अगं, पिल्लू डबा घेऊनच येतं. आतलं पिवळं काय शोभेला असतं?" बी.कॉम.वाल्यांनी बोलू नये.
उरलेल्या सहांकडे ढुंकून बघायचं नाही.

१९ ऑक्टोबर
माझ्या सहांना दुसरा हप्ता. त्या नादात चकल्यांचा पहिला घाणा करपला. खोलीत वास येतोय. करपल्याचाच असणार.

२३ ऑक्टोबर
न बघितलेली सहाच्या सहा फुटली, पिल्लं बाहेर आली. माझी गप्प. उशिरा उठणाऱ्यातली असतील.

संध्याकाळी
माझ्यातलं एक फुटलं. फट्‌कन. आत पिल्लू नव्हतं. यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज
सुश्रुत आला. त्या सहा पिल्लांपुढे मी सकाळपासून दाणे सरकवत होते, एकही ढिम्म हलत नव्हतं. तो जमिनीवर नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने एकाने आपणहून चोच मारली.
"इनको अंडे में क्या खिलाया था?"
"काही नाही."
"हं," म्हणाला. पैजेचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. सहाच्या बसने गेला.

फराळाचा डबा टेबलावरच विसरला. घाईत होता. उद्या सेक्टर ४३ च्या बसस्टँडवरून पहिल्या बसने पोचवून येते. चकल्या मऊ पडतील म्हणून.