पंतप्रधानांची बदकं

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर अर्ध्यातच अडकली, तरी पुरता पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? माझं बरं चाललंय. घरात ऐकणारं कुणी नसल्यामुळे कुरकुरसुद्धा बंद आहे.

सध्या आमच्या दप्तरखान्यात जुन्या पंतप्रधानांचे हस्तलिखित कागद आलेत. देश चालवता चालवता त्यांनी समासात काय काय काढून ठेवलंय, त्याचं कागदागणिक वर्णन लिहायचं हे माझं काम. बैठकीचा कागद असला की वर वक्त्याचं नाव, मग अर्धी ओळ मुद्दा, आणि खाली बदकं. (बदकं मी म्हणतो. आमचे मुख्य किटल्या म्हणतात. यावरून सकाळी जी जुंपली ती चहापर्यंत, आणि चहा नेमका किटलीतून आल्यामुळे त्यांना भलतंच बळ चढलं. अखेर ‘चोच अथवा तोटी असलेली आकृती’ यावर तह झाला.) अर्थमंत्री बोलायला उठले की बदकाला पिल्लं होतात. परराष्ट्रमंत्र्यांच्या भाषणात तर अख्खं तळं भरलंय.

मला वाटायचं, माणूस रिकामा बसला की रेघोट्या ओढतो. साफ चूक. बायको गेल्यावर पंतप्रधानांनी घरी एकट्यानं बसून लिहिलेले कागदही आलेत. वेळच वेळ होता, पण समास कोरे. एक बदक नाही. समोर कुणीतरी बोलत असल्याशिवाय हात चालत नाही, अक्का. मुख्य म्हणाले, वर्णनात ‘चित्र नाही’ असं लिहा. लिहिलं. आणि उगाच त्यांच्यावरच खेकसलो.

आता आपलं भांडण. माझी परीक्षा घ्यायला तू फोनवर म्हणालीस, “घराला आग लागलीय,” आणि मी म्हणालो, “हं, छान.” तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून तू जो फोन आपटलास, तो आजतागायत. मी केला तर उचलत नाहीस. म्हणून हा पत्रप्रपंच. पेन्सिल हातात होती हे कबूल. पण तुझ्या आवाजाशिवाय ती चालली असती का, एवढा विचार कर.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : गुडघ्यांचं पत्रानं कळवू नकोस. फोन कर. डाव्यापासून सुरुवात कर आणि सावकाश सांग.

ता. क. २ : फोनजवळचा कागद अजून तोच आहे. तू आग लावलीस तेव्हा मी गाय काढत होतो. तिचं शेपूट राहिलंय.