दाबून घेतलेलं माप

माय, तुला तेव्हा खरंच किती दुखत होतं? तुला जाऊन बारा वर्षं झाली. दुखणं ओळखणं हा आता माझ्या कामाचाच भाग आहे, तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

तू औरंगाबाद म्हणायचीस त्या शहरात मी उंदरांवर संशोधन करते. बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उंदरासाठी एवढी शिकली व्हय? आपल्या कणगीत काय कमी होते?" घरातली पहिली पदवीधर मी, त्यांना काही वेगळंच वाटलं असणार. पण हे उंदीर कणगीतले नाहीत. त्यांच्या एका जनुकात मुद्दाम बदल केलेला असतो. पाठीवर एक रसायन लावलं की काही आठवड्यांनी तिथं गाठी उठतात, आणि कातडीचा कॅन्सर अगदी सुरुवातीपासून बघायला मिळतो. माणसांत तो तसा दिसत नाही. माणसं उशिरा येतात, तू आलीस तशी. लहानपणी उकळतं पाणी सांडून तुझी नडगी भाजली होती, त्या जुन्या वणावर जखम झाली, ती भरलीच नाही आणि पुढं तिचाच कॅन्सर निघाला. अजून डोळ्यांपुढं आहे: माझी बारावीची परीक्षा सुरू आहे. तू चुलीपुढं पाय लांब करून बसली आहेस आणि मी दारातून विचारते, "माय, दवाखान्यात जायचं का?" तू साडी खाली ओढून घेतेस. "लई नाय दुखत. चार पेपर राहिलेत ना? ते झाल्यावर बघू. जा, वाच."

आमच्याकडे दर सोमवारी आणि गुरुवारी कॅलिपरच्या चिमट्यात धरून गाठ मोजायची असते. ती ठरलेल्या मापाच्या वर गेली की त्या उंदराला त्याच दिवशी भूल देऊन संपवायचं. त्यापुढं ठेवणं म्हणजे नुसता छळ. पण गाठ मऊ असते, कॅलिपर जरासा दाबला की आकडा खाली येतो. गेल्या सोमवारी, ओळखीसाठी कानाला दोन खाचा पाडलेल्या मादीची गाठ मोजताना मी तो दाबला. तिच्या गटात तीनच उरल्या होत्या आणि मला ती आणखी दोन आठवडे हवी होती. खोटं कुठं लिहिलं, कॅलिपरनं दाखवलं तेच लिहिलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. तरी एका जागी बसवेना. बुधवारी काम नसताना तीनदा त्या खोलीत जाऊन आले. पिंजरे धुणारे मामा म्हणाले, "ताई, उंदरं बघाया येता का एसी खायला?" मग त्यांनीच तिच्या पिंजऱ्याकडं बोट केलं. "ही दोन दिवस झाले कापसाचं घर करीना. बाकीच्यांनी बघा कशी गादी केली." घरटं न करणं ही दुखत असल्याची खूण. ती मामांना मीच शिकवली होती.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. तू साडी ओढायच्या आधी मी जखमेवरची पट्टी पाहिली होती. ओली होती. पाहिली आणि आत जाऊन पुस्तक उघडलं. ते चार पेपर मलाही हवे होते, माय.

गुरुवारची वाट न बघता मी त्याच बुधवारी दुपारी त्या मादीची गाठ पुन्हा मोजली, न दाबता. माप ठरलेल्या हद्दीच्या बरंच वर गेलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमना सोमवारचं सगळं सांगितलं. त्यांनी वहीची मागची पानं उलटून बघितली. "म्हणजे आता तुझी आधीची सगळी मापं तपासावी लागतील. वर्ष जाईल तुझं." मी "हो" म्हणाले. त्या मादीला शेवटची भूल मीच दिली. मग सोमवारचा आकडा एका रेघेनं खोडला, खालचा वाचता येईल असा, शेजारी 'दाबून मोजलं' असं लिहिलं आणि सही केली.