सोडियमचे गणित आणि केंद्रातील सुरमई

रत्नागिरी,
दि. ९ नोव्हेंबर १९८७

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सागरतीर संगणक केंद्र,
रत्नागिरी.

विषय : नव्या संगणकाच्या उद्घाटन-पत्रिकेतून माझे नाव वगळण्याबाबत.
संदर्भ : आपल्याकडून काल घरपोच आलेली पत्रिका.

महोदय,

मी, खाली सही करणार, येथील महाविद्यालयात गणित शिकवते. पत्रिकेत आपण मला 'केंद्राचे भूषण' म्हटले आहे. वाचून किळस आली. कारण नमूद करते.

माझे वडील धोंडू मयेकर दाभोळला मच्छीमार होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. हृदय दुबळे झाल्यावर त्यांचे जेवण अळणी झाले. "डाक्टरनं मीठ बंद केलंन, तरी पाय सुजतात कशे?" असे ते मला विचारीत. सुजेचे कारण मूत्रपिंडात निघाले. पण वाचता वाचता कळले, की दुबळ्या हृदयाच्या पेशीतही सोडियम साचते. ते बाहेर टाकणारा पंप पुरा पडत नाही, मग कॅल्शियमचा तोल जातो व ठोके बिघडतात. बाबांना चालू असलेले औषध हा पंप आणखी मंदावते; त्याने हृदय जोर धरते, पण मात्रा जरा वाढली तर तेच घात करते. ही सीमा कुठे, याची समीकरणे केंद्राच्या संगणकावर सोडवण्याची परवानगी आपणच दिली होती.

गेल्या मे महिन्यात आपण पाहुण्यांसाठी आणलेली सुरमई, खोली थंड असते म्हणून, बर्फासह संगणकाच्या टेबलावर ठेवविली आणि कुलूप लावून लांज्याला लग्नास गेलात. वीज गेली. खोली उघडली तेव्हा नासक्या मासळीचे पाणी यंत्रातून ठिबकत होते व माझे सारे गणित साठवलेल्या फ्लॉप्यांवर अळ्या वळवळत होत्या. मी बाहेर जाऊन ओकले. शिपाई सदू नाक दाबून खोली धूत असता आपण म्हणालात, "बाई, गणितच ना? परत मांडा."

त्याहून ओंगळ आपला चौकशी-अहवाल. 'सदर संशोधिकेचा विषय सोडियम, म्हणजेच मीठ, असल्याने खोलीतील खारट पाणी त्यांच्याच प्रयोगाचे असावे,' असा निष्कर्ष काढून आपण माझ्याकडे खुलासा मागितलात. संगणकावरच्या पेशीला पाणी लागत नाही, असे मी लेखी कळवले. त्यावर, मग मीठ कोणाच्या परवानगीने आणले, अशी विचारणा आली.

श्रावणात बाबा गेले. गणित पुरे झाले असते तरी ते वाचले नसते. तसा दावा मी करीत नाही. पण जाण्याआधी त्यांनी "गावलं काय गो तुझं उत्तर?" असे विचारले, तेव्हा खरे सांगण्याची मला लाज वाटली. जन्मभर ताजी मासळी किनाऱ्याला लावणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? "थोडं उरलंय," म्हटले. ते हसले.

आणि आता पत्रिकेत छापले आहे : 'हृदयपेशीवरील संशोधन येथेच बहरले.'

मुंबईच्या एका संस्थेने मला तिचा संगणक वापरू दिला आहे. सारे नव्याने मांडले. गेल्या आठवड्यात ती पेशी प्रथमच नियमित ठोके देऊ लागली, आणि सोडियम चढताच अडखळली. ते पाहायला बाबा नव्हते.

सबब माझे नाव वगळावे. न वगळल्यास मी समारंभास अवश्य येईन, आणि हार गळ्यात पडण्यापूर्वी चार शब्द बोलेन.

आपली, नाइलाजाने नम्र,
दमयंती धोंडू मयेकर

सोबत : १. संगणक-खोलीची माझ्याकडील किल्ली, परत.
२. पत्रिका, माझे नाव मी स्वतः खोडलेली.