त्रिवेणीच्या जाळीच्या बॅगेबाबत

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

मी, ईश्वरअप्पा नागनाथअप्पा हालगे, वय चौऱ्याहत्तर, धंदा बॅगांची दुकानदारी, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. काळीज थकले आहे असे डॉक्टरीणबाई म्हणतात. डोके शाबूत आहे, हे त्यांनीच तपासून खाली सही केली आहे.

राहते घर पत्नी भागम्मा हिच्या नावे. तिच्या हयातीत तिला कोणी "जरा सरकून बसा" असेही म्हणू नये.

बसस्थानकासमोरचे दुकान मालासह चिरंजीव बसवेश्वर यास. दुकानातील स्टूल मात्र मित्र मुंजाजी यास द्यावे. जन्मभर त्यावर बसून त्याने माझा चहा प्यायला, बॅग एकही घेतली नाही. वर माझी नात बर्फावर स्केटिंग शिकते हे कळल्यावर म्हणाला, "घसरायला पुण्याला कशाला जावं लागतंय अप्पा? आमच्या गल्लीत चिखल हाय की!" स्टूल दिले म्हणजे हे बोलणे माफ केले असे समजू नये.

आता बॅग. बसवेश्वराची मुलगी त्रिवेणी हिच्याकडील आमसुली रंगाची, दोन्ही बाजूंना जाळी असलेली बॅग दुकानाच्या मालात धरू नये. ती तिची आहे. बसवेश्वर म्हणतो, "आता पोरीची पुढची बॅग सासरीच जाईल." म्हणून हे स्पष्ट लिहितो. तालुक्यातल्या कितीतरी पोरींच्या सासरच्या बॅगा मी दिल्या, त्या बापांनी नाहीतर मामांनी पसंत केलेल्या. पोरीने स्वतःच्या कामासाठी बॅग निवडताना मी हिलाच पाहिले.

तिने पात्यांचे बूट काउंटरवर ठेवले. मी ऐटीत सगळ्यांत भारी बॅग काढली, थेंबभर पाणी आत जात नाही अशी. ती हसली. "अप्पा, पाणी आतच असतंय. बूट ओले असतेत, वारं लागलं पाहिजे, न्हाईतर पात्याला गंज चढतोय." शाळेच्या दप्तरात घालून पाहिले, तर पात्याने भोक पाडले. शेवटी माळ्यावरून ही जाळीची निघाली. आतले सगळे दिसते म्हणून गिऱ्हाइके तिला हात लावीत नव्हती. पोरगी म्हणाली, "हीच." मला लय आनंद झाला, तो इथे नोंदवून ठेवतो.

भागम्माने मात्र बॅग रिकामी जाऊ नये म्हणून रीतीप्रमाणे जाळीच्या कप्प्यात तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घातली. पुण्याला बर्फावर तांदूळ सांडले, सगळ्यांचा सराव थांबला आणि त्रिवेणी गुडघ्यावर बसून दाणे वेचू लागली. भागम्मा हे ऐकून रडली. तिला यावरून कोणी चिडवू नये. यापुढे पोरीची ओटी पदरात भरावी.

पुढच्या महिन्यात देहरादूनला त्रिवेणीची स्पर्धा आहे. बसवेश्वर परवा म्हणाला, "तुमचं असं चाललंय, तिला बोलावून घेतो. लोक काय म्हणतील?" लोकांना म्हणू द्यावे. आपल्या लिंगायत शरणसंतांनी सुतक कधीच काढून टाकले, आपण शेजाऱ्यांच्या धाकाने ते पाळत बसलो. माझे बरेवाईट झाले तर विभूती लावावी, बेल वाहावा, आपल्या चालीप्रमाणे मला बसवून समाधी द्यावी. मात्र तिची वाट बघत बसवून ठेवू नये. तिने स्पर्धा अर्धी टाकून येऊ नये, ही माझी शेवटची इच्छा आहे. म्हणूनच हे मृत्युपत्र मी गेल्यावर नव्हे, आजच सर्वांसमोर वाचायला लावतो.

बसवेश्वरा, फोन तूच करशील. ती बर्फावर असताना करू नकोस. ती बाहेर येऊ दे, बूट काढू दे, पाती पुसू दे, बॅगेची चेन लावू दे. मग आधी विचार, "बाळा, कसं झालं?" ती लय बोलते, सगळे ऐकून घे. माझ्या वाट्याचेही तूच ऐक. मग सांग.

स्थळ : गंगाखेड
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

(सही) ईश्वरअप्पा नागनाथअप्पा हालगे

आमच्यादेखत सही केली :
१) डॉ. सुकेशनी वाव्हळे
२) सुगत खंदारे, शेजारचे दुकानदार